कातडं काढायची वेळ

म्हस्कूआबांनी आपल्या मुलाच्या, मल्हारच्या, गोळ्या बंद करायचं ठरवलं, तेव्हा घरात त्यांना विरोध करील असं कुणी नव्हतं. विरोध करणारा एकच माणूस, चेन्नईचा डॉक्टर, आणि तो न्हावऱ्याला येत नसे.

बैठक बसली होती ती वेगळ्याच कामासाठी. मल्हारची वर्षाची तपासणी पुढच्या महिन्यात होती आणि त्याच्याबरोबर चेन्नईला कोण जाणार ते ठरवायचं होतं. नऊ वर्षांपूर्वी, शहाण्णव साली, त्याचं फुगून निकामी झालेलं काळीज काढून तिथं दुसऱ्या कुणाचं तरी बसवलं, तेव्हा सोबतीला सतरा माणसं निघाली होती. दौंड स्टेशनावर टीसीनं विचारलं होतं, लग्न कुणाचं आहे. पुढच्या वर्षी माणसं पाच झाली, मग तीन, मग दोन. गेल्या वर्षी एकटा रविराज गेला आणि तोही सोलापूर येईपर्यंत फोनवर फॅक्टरीतच होता. माणूस मरणार म्हटलं की माणसं धावतात. तो मरत नाही असं दिसलं की आपापल्या कामाला लागतात. यात दोष कुणाचाच नाही. मल्हारनं नऊ वर्षं न मरून सगळ्यांची पंचाईत केली होती, एवढंच.

तर रविवारी सकाळी कांदाचाळ भरायचं काम थांबवून मंडळी मळ्यातल्या घरापुढं लिंबाखाली बसली. सगळ्यांना गोणपाट, मल्हारला खुर्ची. खुर्ची साधी प्लॅस्टिकची, पण नऊ वर्षांत तिच्यावर दुसरं कुणी टेकलं नव्हतं. पाहुणा चुकून बसायला गेला तर घरातलं कुणीतरी हळूच सांगे, "तिकडं नगं, ती काळजाची हाय."

"मी गेले असते," म्हाळसा म्हणाली. मल्हारची ही थोरली बहीण कासुर्डीहून सकाळच्या एसटीनं आली होती, ती मुळी नाही म्हणायलाच. "पर गुडघं. आन् तिथं आठ दिस भात. सत्त्याण्णव साली गेले तवा परत आल्यावर भाकरी बघून रडले व्हते मी."

"माझं ऑडिट हाय, आत्या," रविराज म्हणाला. तो मल्हारचा मुलगा, रांजणगावच्या एका कारखान्यात. "लिव्ह टाकली तर साहेब म्हंतो, तुझ्या वडलांचं दरवर्षी कसं काय निघतं."

"माझी परीक्षा," त्याची बायको पूनम म्हणाली. मग तिला वाटलं की एवढ्यानं भागायचं नाही. "आप्पा एकटेबी जाऊ शकतील की."

यावर सगळ्यांनी तिच्याकडं असं पाहिलं, जणू तिनं सासऱ्याला विहिरीत ढकलायची सूचना केली होती. मल्हारला मात्र ती सूचना आवडली. पण त्याला कुणी विचारलं नव्हतं. त्याच्याविषयीच्या बैठकीत त्याला विचारायची पद्धत नव्हती.

तेवढ्यात म्हस्कूआबांनी घसा साफ केला. आबांचं वय ब्याऐंशी, फेटा कडक, आवाज अजून माळावरच्या मेंढीला हाक मारण्याएवढा.

"कुणीच जायाचं न्हाई," आबा म्हणाले. "मल्हारनंबी न्हाई. आता कातडं काढायची येळ झाली."

हे कातडं घरात सगळ्यांना ठाऊक होतं. शहाण्णव साली डॉक्टरांनी आधी इंग्रजीत, मग हिंदीत, मग कागदावर चित्र काढून समजावलं होतं की शरीर परकं काळीज ओळखतं आणि त्याच्यावर उठतं, म्हणून रोज सकाळ-संध्याकाळ गोळी. सतरांपैकी सोळा जणांना काही कळलं नाही. आबांना कळलं. त्यांचं अर्धं आयुष्य मेंढरांमागं गेलेलं. ते म्हणाले, मेंढीचं कोकरू मेलं आन् दुसऱ्या कोकराची आय मेली, तर मेलेल्याचं कातडं जित्याच्या अंगावर बांधायचं. मेंढी हुंगती, आपलंच म्हंती, पाजती. न्हाईतर ढुसणी देऊन लांब करती. ही गोळी म्हंजी ते कातडं. तेव्हा अठरा वर्षांच्या असलेल्या रविराजनं हे मोडक्या हिंदीत सांगितल्यावर डॉक्टर इतके खूश झाले, की त्यांनी ते वहीत उतरवून घेतलं. त्या दिवसापासून घरातलं वैद्यकशास्त्र आबांच्या ताब्यात आलं.

"पर कातडं काय जलमभर ठेवत्यात व्हय?" आबा आता म्हणाले. "आठ-धा दिसांत तिचंच दूध पिऊन कोकराला तिचा वास लागतो. मंग कातडं काढायचं. ठिवलं तर कुजतंय, आन् कोकराला किडं पडत्यात. हितं नऊ वर्सं झाली. आमच्या घरचं रगत नऊ वर्सं त्या काळजातनं फिरतंय. आजून वास लागला नसंल व्हय?"

बोलणं बिनतोड होतं. शिवाय ते सगळ्यांच्या सोयीचं होतं, आणि सोयीच्या शास्त्रात चूक काढायला फार मोठा विद्वान लागतो.

"कुजतंय हे खरं हाय," म्हाळसा म्हणाली. तिच्या गुडघ्यांना एकदम उतार पडल्यासारखा वाटला. "हिरड्या बघा त्याच्या, सुजल्यात. हातावर केस बघा, अस्वलावानी. कपबशी धरली तर लटलट कापतो. ही सारी कातड्याचीच लक्षणं."

"आता न्हाई कापत हात," पूनम म्हणाली. "तीन-चार दिस झालं. मी बघितलंय."

"बघा," आबा म्हणाले. "वास लागला."

"लॉजिकली बरोबर हाय," रविराज म्हणाला.

"डॉक्टरला एक फोन करून इचारावं का?" पूनमनं चाचरत विचारलं.

"डॉक्टर कशाला व्हय म्हनंल?" म्हाळसा म्हणाली. "त्याचं गिऱ्हाईक तुटतंय."

मल्हार खुर्चीत बसून आपल्या हातांकडं बघत होता. हात खरंच कापत नव्हते. आणि का कापत नव्हते हे फक्त आपल्याला आणि आबांना ठाऊक आहे, असं त्याला वाटत होतं. मागच्या रविवारी गोठ्यात आबांनी त्याला बाजूला घेऊन हेच सांगितलं होतं; आणि मंगळवारपासून मल्हार रात्रीची गोळी तोंडात धरून मागच्या दारी जात होता आणि कण्हेरीच्या बुडाशी थुंकत होता. आज सहावा दिवस. कण्हेर टवटवीत होती.

त्याला मरायचं नव्हतं. त्याला फक्त नऊ वाजायचे नव्हते. सकाळचे नऊ आणि रात्रीचे नऊ, या दोन खुंट्यांना अख्खं घर बांधलेलं होतं. लग्नात पंगत बसलेली असो की मयताला लोक जमलेले असोत, नऊ वाजले की त्याची बायको ललिता गर्दीतून वाट काढत यायची, पदराआडून गोळी काढायची आणि दोनशे माणसं त्याला ती गिळताना बघायची. आणखी एक होतं. नऊ वर्षांत त्याच्यावर कुणी ओरडलं नव्हतं. ओरडलं तर काळजाला धक्का बसेल, अशी सगळ्यांची समजूत. वास्तविक त्या काळजाला धक्का लवकर कळतच नसे. बसवताना त्याच्या तारा जोडता येत नाहीत, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. मल्हारला राग आला तरी छाती शांत असायची, आणि भांडण मिटून चहा आल्यावर धडधडायला लागायची.

ललिता दारात आली. सासऱ्यासमोर ती सहसा बोलत नसे.

"महेंद्रभाऊ येनार हायेत," एवढं म्हणून ती आत गेली.

"तिकिटाचं इचारायला आसंल," रविराज म्हणाला. "नगं म्हणून सांगू."

महेंद्र दौंडला रेल्वेत तिकीट खिडकीवर होता. सात-आठ वर्षांपूर्वी त्याच्यात त्याच्या बहिणीची, सुरेखाची, किडनी बसवली, त्यानंतर थोड्याच दिवसांत तो आणि मल्हार पुण्यातल्या एका औषधाच्या दुकानात एकाच नावाची गोळी मागताना भेटले. बाकीच्या जगाला ज्या गोष्टी समजावून सांगाव्या लागतात त्या या दोघांना एकमेकांना सांगाव्या लागत नसत. मल्हारची चेन्नईची तिकिटं दरवर्षी महेंद्रच काढी. दिवाळीपासून मात्र तो फिरकला नव्हता.

साडेअकराला तो आला. चौफुल्याला गाडी बदलून, फाट्यावरून चालत. मल्हारपेक्षा आठ वर्षांनी धाकटा, पण आज ते उलटं वाटत होतं.

"जय भीम, आबा."

"रामराम. ये. लई दिसांनी. वाळलास रं."

"वाळलो न्हाई. सुजतो, मंग उतरवत्यात."

पूनमनं तांब्या आणून दिला. महेंद्रनं एक घोट घेतला आणि तांब्या खाली ठेवला.

"पी की," म्हाळसा म्हणाली. "उन्हाचा आलास."

"दिवसाला एवढंच पाणी हाय, आक्का. निम्मं घरनं निघतानाच संपवलं."

"का रं?" मल्हारनं विचारलं.

महेंद्रनं दाराकडं पाहिलं. ललिता चौकटीला धरून उभी होती. "वैनींना म्हाईत हाय," तो म्हणाला. "सुरेखानं सांगितलंय. या दोघींचं पंधरा दिसाला फोनवर चालतंय. आपण आपले अडाणी."

आबांना या प्रस्तावनेत रस नव्हता. त्यांना पंच मिळाला होता. त्यांनी मेंढी, कोकरू, कातडं आणि वास हे सगळं पुन्हा एकदा, अधिक रंगवून सांगितलं. "तूबी गोळीवाला," ते शेवटी म्हणाले. "बोल, खोटं हाय का?"

महेंद्रनं सगळं मन लावून ऐकलं. मध्ये एकदाही हसला नाही.

"मेंढीचं खरं हाय, आबा," तो म्हणाला. "मीबी तुमच्यावानीच धरलं हुतं. माझं तर प्रकरण घरातलंच. तुमच्या मल्हारभाऊंचं काळीज कुणा परक्याचं. माझी किडनी सख्ख्या भनीची. म्हणलं, एका आयचं दूध प्यालेली आमी दोघं, आपल्याला वासाची काय भानगड. सात वर्सं झाली हुती. दिवाळीला गोळी सोडली. दोन म्हयनं कायबी झालं न्हाई. लई बरं वाटायचं. हातसुदिक कापायचा थांबला."

मल्हारनं हात मांडीखाली घेतले.

"मंग?" रविराजनं विचारलं.

"मंग लघवी कमी झाली. पुण्याला गेलो. डॉक्टर म्हणाला, गेली. परत येनार न्हाई. सुरेखाची किडनी, सात वर्सं चांगली चाललेली, मी दोन म्हयन्यात घालवली."

"सुरेखा काय म्हनली?" म्हाळसानं विचारलं. बहिणीनं विचारावा असा तो प्रश्न होता, आणि त्यात आता गुडघे नव्हते.

"कायबी न्हाई म्हनली. तेच अवघड हाय, आक्का. आठवड्यातनं तीनदा मला मशीनवर झोपवत्यात, चार-चार तास. ती शेजारी बसून पेपर वाचती. मी एकदा म्हणलं, बाई, शिव्या तरी दे. तर म्हनली, मशीन संपू दे."

त्यानं शर्टाची डावी बाही वर केली. दंडावर शीर दोरखंडासारखी फुगलेली होती. "आबा, हात लावा. भ्याऊ नका."

आबांनी त्यावर तळवा ठेवला आणि तसाच राहू दिला. आत काहीतरी घरघरत होतं.

"मोटर हाय ही," आबा म्हणाले.

"मशीन जोडायला शीर मोठी केलीया. रगत भाईर काढत्यात, धुत्यात, परत घालत्यात. आबा, मेंढीला नाक हाय, म्हणून तिला फशवता येतं. अंगाला नाक न्हाई. ते कशावरनं वळखतंय ते मला सांगता यायचं न्हाई, पर इसरत न्हाई. सख्ख्या भनीलाबी आपलं म्हनलं न्हाई त्यानं." मग तो मल्हारकडं वळला. "माझी गेली तर मशीन हाय. मल्हारभाऊ, तुमचं गेलं तर तुमच्याकडं कंचं मशीन हाय?"

आबांचा हात अजून महेंद्रच्या दंडावर होता. मल्हारच्या छातीत काहीच हललं नाही. बातमी अजून पोचायची होती.

"मी घेत न्हाई," मल्हार म्हणाला. "रातची. मंगळवारपासनं."

"काय घेत न्हाई?" रविराज म्हणाला.

"गोळी."

"आप्पा, तुमाला अक्कल हाय का न्हाई?" रविराज उभा राहिला. "नऊ वर्सं आमी तुमच्यामागं नाचतोय आन् तुमी गोळ्या थुकताय? ल्हान पोर हाय का तुमी?"

आवाज कांदाचाळीवर आपटून परत आला. पूनमनं नवऱ्याचा हात ओढला. पोरानं बापाला असं बोललेलं म्हाळसानं या घरात कधी ऐकलं नव्हतं. मल्हारला मात्र, लाज वाटत असतानाच, कुठंतरी बरंही वाटलं. चारचौघांसारखं.

"आन् बंद करायला सांगितलं कुनी?"

मल्हार जमिनीकडं बघत राहिला. नाव घेणार नाही असं त्यानं ठरवलं होतं.

"मी सांगितलं," आबा म्हणाले. "गोठ्यात. त्याच्यावर वरडू नगं. माझ्यावर वरड."

आबांवर ओरडायची सोय घरात कधीच केलेली नसल्यामुळे रविराज खाली बसला.

ललिता चहाचं ताट घेऊन बाहेर आली. आबांपुढं पहिला कप ठेवला, महेंद्रपुढं निम्माच भरलेला, आणि मल्हारपुढं रिकामी बशी. बशीत एक गोळी.

"तुला ठावं व्हतं?" मल्हारनं विचारलं.

"च्या सांडायचा थांबला, तवाच वळखलं."

"मंग बोलली का न्हाईस?"

"तुमच्या बाप-लेकाच्या शास्तरात मी कुठं बोलू? गोळी ठिवायची, पानी ठिवायचं, एवढं माझ्याकडं. गिळायचं तुमच्याकडं व्हतं." तिनं पदर सावरला. "मी सांगितलं असतं तर मामा म्हनले असते, बाईमानसाला काय कळतंय. म्हणून महेंद्रभाऊंना फोन केला. त्यांना मशीन हाय, त्यांचं ऐकत्याल म्हणलं."

रविराज मोबाईल घेऊन कांदाचाळीच्या शिडीवर चढला. रेंज तिथंच येई. खालून सगळे त्याची हिंदी ऐकत राहिले. तो 'येस सर' जास्त आणि बाकीचं कमी बोलत होता. उतरला तेव्हा त्याचा चेहरा उतरलेला होता.

"गोळी आत्ताच घ्या म्हंत्यात. आन् पुढच्या म्हयन्यात न्हाई, उद्याच निघा. काळजाचा बारीक तुकडा काढून बघत्याल, आत काय बिघडलंय का. वाटंत दम लागला तर पुढं न जाता सोलापूरला उतरून मोठा दवाखाना गाठा. म्हंत्यात, सहा दिवस म्हंजी फार उशीर न्हाई, पन लवकर या."

मल्हारनं गोळी गिळली. ललिता हलली नाही.

"तोंड उघडा," ती म्हणाली.

त्यानं उघडलं. तिनं जिभेखाली बघून खात्री केली, आणि आता कुठं त्याची छाती धडधडायला लागली.

आबांनी भरलेला कप तसाच बाजूला सारला.

"म्हंजी कातडं काढायचंच न्हाई?" त्यांनी महेंद्रला विचारलं.

"न्हाई, आबा."

"मरस्तवर?"

"मरू नये म्हणून."

आबांनी हे एकदा मनाशी घोळवलं. "मंग मेंढीपरास मानूस अवघड हाय," ते म्हणाले. ब्याऐंशी वर्षांत मेंढीचं शास्त्र अपुरं पडल्याची कबुली त्यांनी कधी दिली नव्हती.

महेंद्रनं खिशातून पेन काढलं. "उद्याची दोन तिकिटं माझ्या हातात हायेत, जास्ती न्हाईत. नावं सांगा."

माणूस मरायची शक्यता निर्माण झाल्याबरोबर गर्दी पुन्हा जमली. ऑडिट गेलं खड्ड्यात, रविराज म्हणाला. पूनमची परीक्षा ऑक्टोबरातही देता येत होती. म्हाळसाचे गुडघे कुठं पळून चालले नव्हते, आणि भाताचं काय, भाकरी बांधून नेता येतात. आबा तर फेटा सारखा करून उभेच राहिले; चूक माझी, मीच नेतो, म्हणाले.

"दोनच," महेंद्र म्हणाला. "त्यातला एक मल्हारभाऊ."

मल्हार खुर्चीतून उठला. नऊ वर्षांत त्यानं कुणालाही 'चल' म्हटलं नव्हतं. जे यायचे ते आपणहून यायचे आणि जे गळायचे ते आपणहून गळायचे. आपण आधीच सगळ्यांवर भार, त्यात मागायचं काय, असा त्याचा हिशेब. तो दारापर्यंत गेला.

"ललिता," तो म्हणाला, "तू चल माझ्याबरुबर."

ती कधी चेन्नईला गेली नव्हती. सतरांमध्येही नव्हती. दर वर्षी म्हशी होत्या, दूध होतं, घर होतं, आणि कुणाच्या डोक्यात आलंच नव्हतं.

"मी? माझं तिथं काय काम?"

"गोळ्या कोन बघतं म्हणून डॉक्टर दरसाली इचारत्यात. हा रविराज, मीच बघतो, मीच बघतो म्हणून पुढं व्हतो."

रविराजनं कांदाचाळीकडं बघितलं.

"आन् म्हशी?"

"मी काढते धारा," पूनम म्हणाली.

"मी हाय गोठ्यात," आबा म्हणाले. "शास्तर सांगनार न्हाई, नुसता बसंन."

ललितानं कप गोळा करून ताटात ठेवले. "चल म्हनायला नऊ वर्सं लागली," ती कुणाकडंही न बघता म्हणाली. मग ताट पूनमच्या हातात दिलं आणि महेंद्रजवळ येऊन त्याच्या कागदावर नजर टाकली.

"वैनी, वय किती लिव्हू?"

"काय वाटंल ते लिव्हा, भाऊ," ललिता म्हणाली. "खिडकी मातुर माझी."